बर्फगाडीचं पाणी

शनि., १४ सप्टेंबर २००२

आज पुन्हा पाणी गेलं. सकाळी इंजिनाच्या पाण्याची बाटली खुणेपर्यंत भरली होती, दुपारी जोहरच्या नमाजाहून येतो तो तळाला. खाली फरशी खडखडीत कोरडी. मग गेलं कुठे?

आमच्या मालकाचा, अरबाबचा, पोरगा खालिद कॅनडाहून शिकून आला आणि कंटेनरमधून हे धूड घेऊन आला. चाकं नाहीत. पुढे दोन पट्ट्या, मागे रुंद रबरी पट्टा, वर सीट. बर्फावर पळवायची गाडी. दोह्यातल्या सनय्यात, या कारखान्यांच्या भागात, आमच्या गॅरेजात, जिथे बारा महिने तोंडात वाळू जाते, तिथे ही बर्फगाडी. हौसेला मोल नाही म्हणतात. पण हौस एकाची आणि घाम दुसऱ्याचा.

अरबाबकडे माझ्या सुट्टीचा विषय काढला. पासपोर्ट त्यांच्या कपाटात, एक्झिटच्या कागदावर सही त्यांची लागते. म्हणाले, "पहिले खालिदका मशीन सही करो. बाद में अंता रूह हिंद. माफी मुश्किल."

म्हणजे हिंदीतलं 'सही' मी करायचं, मग मराठीतली सही ते करणार, मग मी हिंदला जाणार.

त्यांना मुश्किल माफी, काही अडचण नाही. मला आहे. नसीमचे दिवस भरत आलेत. एकुलती लेक, पहिलं बाळंतपण, माहेरी आलीय. जावई जहाजावर, तो काही येत नाही. घरात पुरुष माणूस नाही. मी जायलाच हवं.

लेव्हल: खाली.


रवि., १५ सप्टें.

वर्गीस आणि मी सकाळभर रेडिएटर शोधत होतो. हसू नये, पण खरं आहे. दोन म्हातारे मेकॅनिक, एक कोट्टायमचा, एक मंडणगडचा, पाण्यावर चालणाऱ्या इंजिनाचा रेडिएटर शोधतायत आणि तो नाहीच. पुढचं नाक उघडलं, नाही. सीट काढली, नाही.

"भाई, ये लोग लगाना भूल गया," वर्गीस म्हणाला.

शेवटी पाइपांचा माग काढला. इंजिनातून निघतात आणि सीटखाली, पट्ट्याच्या वरच्या बोगद्यात, छताला चिकटलेल्या अल्युमिनियमच्या चपट्या नळ्यांना मिळतात. तिथून फिरून परत इंजिनात. बस. ना जाळी, ना पंखा. पाणी थंड कसं होतं कोण जाणे.

हातपंपाने प्रेशर दिलं. काटा हलला नाही. क्लॅम्प घट्ट. इंजिनाच्या पाण्याच्या पंपाखालचं भोक कोरडं. धूर पांढरा नाही, म्हणजे हेड गॅस्केट शाबूत. कुठेही गळत नाही आणि तरी पाणी पितेय.

लेव्हल: भरली.


मंगळ., १७ सप्टें.

रुकय्याचा फोन गॅरेजात. वर्गीसने हाक मारून दिला.

"कवा येनार तुमी?"

म्हटलं, एका मशिनचं काम अडलंय. पाणी कुठे जातंय तेच सापडत नाही.

"मशिन काय तुमची दुसरी बायको हाय काय? मागच्या खेपेला पन मशिनच होतं. माजं आयकाल तर कुठं तरी पानी मुरतंय."

ती गंमतीत म्हणाली. मीही हसलो. पण फोन ठेवल्यावर राग आला. तिच्यावर नाही. तिला वाटतं मला यायचंच नाही, आणि इतकी वर्षं मी तिकडे किती कमी गेलो ते बघता तिला तसं वाटलं तर तिची चूक नाही.

लेव्हल: बघितली नाही.


बुध., १८ सप्टें.

सापडलं. आज इंजिन चालू करून स्टूल घेऊन शेजारीच बसलो. बाकीची कामं वर्गीसने घेतली. काटा चढत गेला, लाल रेघेला टेकला, आणि झाकण फुसफुसायला लागलं. जास्तीचं पाणी निघायची बारीक नळी आहे, तिच्यातून हिरवी वाफ थेट सायलेन्सरच्या पाइपवर. पडते ती तिथेच चुर्र होऊन उडते. म्हणून खाली डाग नाही. गोडसर वास मात्र येत होता. तो इतके दिवस मला चहाचा वाटत होता. बसा आता.

तर गळत नाही, उकळून जातंय. पण उकळतंय का?

गाडीबरोबर आलेली पुस्तिका वर्गीसने चष्मा लावून वाचली. मग चष्मा काढला.

"भाई, इसको पानी ठंडा करने को बरफ मांगता. नीचे पट्टा घूमता, बरफ ऊपर फेंकता, वो नली को लगता. बरफ नहीं तो चलाने का नहीं. ऐसा लिखा है."

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?  मग वर्गीस चहा आणायला गेला.

लेव्हल: निम्मी.


गुरु., १९ सप्टें.

खालिदला सांगितलं, ही गाडी इथे चालायची नाही. तो मोबाइलवर बोलत होता. मान हलवली आणि बोलतच राहिला. पालथ्या घड्यावर पाणी.

मग गराफ्याला अरबाबच्या घरी गेलो. मजलिसच्या, बैठकीच्या खोलीच्या, दारात उभा राहून माझ्या मोडक्या अरबीत म्हटलं, अरबाब, मशिनला थलज लागतो. थलज नाही तर पाणी टिकत नाही.

अरबाब आधी माझ्याकडे बघत राहिले, मग खो खो हसले. "थलज? बस, थलज?" वक्र्याच्या मासळी बंदरावरची बर्फाची फॅक्टरी त्यांच्या भावाची आहे. "कितना मांगता? एक गाडी? दो गाडी? शनिवारको आएगा."

मलाही वाटलं, सुटलो. यापुढचा विचारच केला नाही. बर्फ म्हणजे बर्फ. लहानपणी बाणकोटच्या धक्क्यावर सुरमईवर घालायचे तोच. दुसरा बर्फ मी कधी पाहिलाय?

परत येताना पाय हलके वाटले. रुकय्याला फोन केला, म्हटलं पुढच्या आठवड्यात येतो. इन्शाल्ला म्हणायला विसरलो.


शनि., २१ सप्टें.

आगीतून फुफाट्यात.

पिकअप भरून बर्फ आला. लाद्या, तागाच्या पोत्यांत गुंडाळलेल्या, मासळीचा वास येणाऱ्या. सगळं सनय्या बघायला जमलं. कुणी बर्फ उचलून डोक्यावर ठेवतोय, कुणी मानेला लावतोय. अरबाब स्वतः आले, सावलीत खुर्ची टाकून बसले.

लाद्या फोडल्या, तुकडे पट्ट्याखाली आणि बोगद्यात भरले. गाडी मागून जॅकवर घेतली. खालिदने स्टार्टर ओढला. काटा चढला, अर्ध्यावर थांबला आणि चक्क खाली यायला लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अरबाब माझ्याकडे बघून हसले. तेवढ्यात सही डोळ्यांपुढे दिसली मला. निळ्या शाईची.

खालिदने जोर दिला. पट्टा गरगर फिरला आणि एक डोक्याएवढा तुकडा त्याने उचलून वर आपटला. धाड. मग परत धाड. मी ओरडेपर्यंत तिसऱ्यांदा. गाडी बंद केली तेव्हा बोगद्यातून बर्फाचं पाणी ठिबकत होतं. साधं पाणी. मग ते हिरवं झालं.

नळीचं वेल्डिंग फाटलं. कालपर्यंत गळत नव्हती. आज गळते. गळती मी आणली, पिकअपमधून.

अरबाब खुर्ची उचलायला सांगून गेले.


रवि., २२ सप्टें.

खालिद आज पहिल्यांदा माझ्याजवळ येऊन उभा राहिला. वाटलं, आता बोल खायचे. पण पोरगा हसला. हात ओंजळीसारखा खोलगट केला आणि त्यावर फुंकर मारली. म्हणाला, तिकडचा थलज असा असतो. पीठ. हवेवर येतो, कपड्यावर बसतो, आवाज नाही. "हादा थलज," म्हणाला, आणि कोपऱ्यातल्या वितळत्या लादीला बुटाने ढोसलं, "हादा बाद थलज." हाही थलजच. दोन्हीला एकच शब्द.

आमच्याकडेही एकच. म्हणायला 'हिम' आहे, पण तो शाळेच्या पुस्तकात आणि हिमालयात. बोलताना सगळा बर्फच. गोळ्याचा बर्फ, मासळीचा बर्फ, मढ्याखालचा बर्फ, आणि डोंगरावर पडतो तोही बर्फ. माझ्या अरबीने नाही, माझ्या मराठीने घोटाळा केला. अरबाबनी तरी दुसरा कुठला पाठवायचा होता?

वर्गीसला हे सांगितलं. तो म्हणाला, "मलयालम में दो अलग शब्द है." मग पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस? "तुम पूछा?"

हरामखोर. हसलो मात्र.

लेव्हल: शून्य. गाडी रिकामी.


बुध., २५ सप्टें.

काही नाही. गुडघा दुखतो. नळ्या खोलून काढल्या, साफ केल्या. अरबाबच्या घरी विचारायला गेलो, पण ते आज भेटलेच नाहीत. कंटाळा आलाय. कामाचा नाही, विचारत राहण्याचा.


शनि., २८ सप्टें.

अल्युमिनियमचं वेल्डिंग करणारा शेजारच्या गल्लीत मिळाला. काम चांगलं केलं त्याने. टाका बारीक, सारखा. बसवलं, कूलंट भरलं, पुढचं नाक उंच करून हवा काढली. बुडबुडे यायचे थांबले. हातपंपाने प्रेशर देऊन ठेवलं, जेवून आलो, काटा तिथेच.

म्हणजे पुन्हा जिथे होतो तिथे आलो. गळत नाही, पण चालवली की उकळणार.

मी म्हटलं, पुढे एक मोटारसायकलचा रेडिएटर बसवू, पंख्यासकट. भंगारात मिळेल. खालिदने तोंड वाकडं केलं. मित्र काय म्हणतील? समैस्म्याच्या किनाऱ्यावर त्यांची व्हिला आहे, तिथे या शुक्रवारी मित्रांना बोलावलंय त्याने. गाडी कॅनडात होती तशीच दिसली पाहिजे. वर काही चिकटवायचं नाही.

अरबाब मागे उभे होते. म्हणाले, "जुम्मा खालिद चलाएगा. पानी नहीं गया, खलास, अंता रूह. पानी गया..." पुढचं हाताने सांगितलं.

लेव्हल: खुणेवर. खूण आज मार्करने नवी केली.


सोम., ३० सप्टें.

नसीमशी बोललो. आवाज जड झालाय तिचा.

"अब्बा, डॉक्टरनी सांगितलान, कवापन."

म्हटलं, मी येतोच. अम्मी आहे, शेजारच्या बाया आहेत, घाबरू नको.

"घाबरत नाय. पन अजान तुमीच द्यायची."

बाळाच्या कानात. उजव्या कानात अजान, डाव्यात इकामत. तिच्या कानात कुणी दिली? मी इथेच होतो, दोह्यात, पहिल्या व्हिसावर. शेजारच्या चाचांनी दिली. पत्र आलं तेव्हा ती पालथी पडायला लागली होती. ते तिला रुकय्याने कधीतरी सांगितलं असणार. तिने आज त्याचा उच्चार केला नाही. फक्त 'तुमीच' म्हणाली.

नंतर काम होईना. वर्गीसला म्हटलं डोळ्यांत ग्राइंडरची धूळ गेली. ग्राइंडर बंद होता. 


बुध., २ ऑक्टोबर

डोक्यात एक आलं. खरं होईल की नाही माहीत नाही.

बाणकोटला ओहोटीला समुद्र आत गेला की वाळू ओली आणि घट्ट राहते. त्या वाळूवरून आम्ही सायकली पळवायचो. पाठीवर चिखलाची रेघ उठायची, आई मारायची. मागचं चाक ओली वाळू वर फेकतं म्हणून. हा पट्टाही फेकेल. बर्फ नाही, पण पाणी तर फेकेल. नळ्यांना गारवा मिळेल.

समैस्म्याचा किनारा उथळ आहे, ओहोटीला लांबपर्यंत उघडा पडतो. खालिदला म्हटलं, कोरड्या वाळूवर जायचंच नाही. पाण्याच्या कडेकडेने, आणि थांबायचं नाही, थांबलास की तापेल. खारं पाणी आहे, संपल्यावर लगेच धुवायची. त्याने ऐकून घेतलं. बरा आहे पोरगा तसा. वय आहे, आणि सगळं मिळतं. नसीमच्याच वयाचा असेल.

वर्गीस म्हणतो पट्ट्याखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या वाळूने घासून जातील. म्हटलं जाऊ देत. अरबाब पाणी बघणार आहेत, प्लास्टिक नाही.


गुरु., ३ ऑक्टो.

बॅग भरली. मग परत अर्धी काढली. भरलेली बॅग बघून झोप लागत नाही. नसीमसाठी खजूर, रुकय्यासाठी कापड, बाळासाठी पांढरं झबलं. मुलगा की मुलगी माहीत नाही म्हणून पांढरं.

लेव्हल: खुणेवर.


शुक्र., ४ ऑक्टो.

समैस्म्याला जुम्म्यानंतर निघालो, गाडी पिकअपमधे. असरचा नमाज झाल्यावर ओहोटी लागली. खालिदचे मित्र आले होते, व्हिडिओ कॅमेरा घेऊन. अरबाब खुर्चीवर, काळा चष्मा.

थंड इंजिनावर लेव्हल बघितली. बरोबर खुणेवर. अरबाबनाही दाखवली. त्यांनी वाकून बघितली.

खालिद बसला आणि गेला. काय आवाज तो. पाण्याच्या कडेने, मागे वाळूचं आणि पाण्याचं शेपूट उडवत, पार वळणापर्यंत. मी किनाऱ्याने धावत होतो, या गुडघ्यांनी. परत आला, वळला, पुन्हा गेला. काटा त्याने बोटाने दाखवला, मधेच. वर्गीस ओरडला, "भाई, चल गया!" बगळे उडाले. मित्र शिट्ट्या मारत होते. खरं सांगतो, एवढा आनंद मला माझ्या कुठल्याही कामाचा झालेला आठवत नाही.

आणि तेव्हाच वर्गीसचा मोबाइल वाजला. त्याने बघितलं आणि माझ्या हातात दिला.

"झाली," रुकय्या म्हणाली. "पोरगी. दोगी बऱ्या हायत. आयका. तुमची लेक आयकत नाय कुनाचं. मशिदीतल्यांना बोलवू म्हनलं तर नको म्हनते. म्हनते, फोन लावा. धरू काय कानाला?"

फोनवरून चालतं का? मला माहीत नाही. विचारायचं कुणाला?

"धरलाय. उजवा हाय. बारीक आवाजात बोला."

इथे समुद्र पूर्वेला, मक्का पश्चिमेला. समुद्राकडे पाठ केली, डोळे मिटले आणि अजान दिली. बारीक आवाजात द्यायची होती, पण खालिद तेवढ्यात परत येत होता, इंजिनाच्या आवाजात माझं मलाच ऐकू येईना. आवाज चढवला. मग खालिदने इंजिन बंद केलं आणि माझा आवाज एकटाच उरला, नको तेवढा मोठा. कुणी हललं नाही. "आता डावा," रुकय्या म्हणाली, आणि मी इकामत म्हटली. मधे बाळ रडत होतं. शेवटपर्यंत रडतच होतं. ते ऐकलं मी.

डोळे उघडले तर अरबाब घड्याळ बघत होते. ही कुठल्या नमाजाची वेळ? वर्गीसने त्यांना सांगितलं, हाताने बाळ जोजवून दाखवलं. अरबाब उठले. जवळ आले, खांद्यावर हात ठेवला. "मबरूक," म्हणाले. "बिंत?" हो म्हटलं, मुलगी. "माशाल्ला." मग थोडं थांबून, अगदी साध्या आवाजात, "पानी?"

सातव्या दिवशी अकीका आहे. बाळाचं नाव ठेवतील. तोवर पोचता येईल. उद्या सकाळी सही झाली तर पोचता येईल.

वाकून बाटली बघितली. खुणेवर आहे की खाली, दिसेना. डोळ्यांतलं पाणी पुसलं, परत बघितलं, परत तेच. वर्गीसला म्हटलं, तू बघ. तो वाकला, बराच वेळ वाकून राहिला. मग अरबाबना म्हणाला, "गरम है, साब. गरम में लेव्हल सच नहीं बोलता. सुबह, ठंडा होने के बाद."

अरबाबनी मान हलवली. बुकरा, उद्या, म्हणाले.

गोड्या पाण्याने धुऊन गाडी परत सनय्यात आणून ठेवलीय. हात लावून आलो आत्ता. अजून कोमट आहे.